नावापुढचा रकाना

मंगळवारी सकाळच्या टपालात माझ्याच अक्षरातला एक लखोटा आला. आता हसू नका. अकरा वर्षं मी या डब्लिनच्या सरकारी कचेरीत लोकांचे लखोटे फोडतोय. अक्षरं मी माणसांसारखी ओळखतो, आणि स्वतःचं तोंड तर दाढी करताना रोजच बघतो. हाडाची सुरी घालून लाख उचकटायची, कागद उलगडायचा, वाचायचा, पुन्हा लांबट तीन घड्या घालायच्या, वरच्या घडीवर नंबर, तारीख, नाव, जिल्हा आणि एका ओळीत मजकूर लिहायचा, मग नोंदवहीत नोंद आणि लाल फीत. एवढं मी झोपेतसुद्धा करीन. त्या दिवशी लाख उचकटली आणि हात तिथंच राहिला. पाकळीसारखी ओढलेली मोठी अक्षरं, शब्द संपताना खालून मागं वळणारी शेपटी, ओळींमधलं मोजून ठेवल्यासारखं अंतर, सगळं माझं. कागदाला पीटच्या, म्हणजे आमच्याकडच्या दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुराचा वास होता. असला कागद मी लिहिलेला नव्हता, आणि तरी बोटांना तो लिहिल्याचं आठवत होतं. मधल्या बोटाचा घट्टा ठसठसायला लागला. समोरच्या टेबलाशी फर्लाँग बसतो, वेक्सफर्डकडचा, जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "काय रे मलाकी, कोण गचकलं? तोंड बघ काय झालंय." मी म्हटलं, कुणी नाही. "मग प्रेमपत्र असणार. दाखव की! एकटाच काय चाटून-पुसून खातोस?" आणि मान लांब करून त्यानं बघितलं. त्याचं हसू ओठांवरच वाळलं. "अरे, हे तर तूच लिहिलंयस." मग इकडंतिकडं बघून हळूच, "असले धंदे करतोस होय? बाहेरच्या लोकांचे अर्ज लिहून देतोस? टिसडलला कळलं ना, तर उभ्या उभ्या काढील तुला. गेल्या साली त्या नोलनला काढला तो याचसाठी." मी म्हटलं, मी नाही लिहिलं. तो म्हणाला, "बरं बाबा, नाही लिहिलंस," आणि आपल्या कागदात तोंड खुपसलं. मला माहीत होतं की त्याला पटलेलं नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं.

अर्ज किलफेरिन गावच्या ऑनर लिडी या विधवेचा होता. तिनं लाटसाहेबांच्या पायाशी नम्रपणे मांडलं होतं की फेब्रुवारीत आपल्या दयेनं माझा मुलगा कॉर्नेलिअस लिडी याला माफी मिळाली. त्यानं उपाशीपोटी एक मेंढी नेली होती, सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा होती, न्यायाधीशांनीच रदबदली केली म्हणून ती सुटली. माफीचा कागद जिल्ह्याच्या तुरुंगात पोचला. जेलरनं नाव पुकारलं. त्या तुरुंगात कॉर्नेलिअस लिडी दोन होते, आमच्याच गावचे. दुसरा दाराजवळ उभा होता. त्यानं बेलीफाचं डोकं फोडलेलं, त्याला जन्मठेप. दार उघडलं, तो चालता झाला, आज त्याचा ठावठिकाणा नाही. माझा मुलगा त्याची शिक्षा भोगतोय. तो रोज सांगत होता की मी तो नव्हे, मी तो नव्हे. त्याला इंग्रजी येत नाही, त्यांना आयरिश येत नाही, ते माना डोलावत होते. आता त्याला किंग्जटाउनच्या बंदरात जहाजावर चढवलाय. गुरुवारच्या भरतीला जहाज जाणार. अर्जदार सदैव आपल्यासाठी प्रार्थना करील. एवढ्यावर अर्ज संपायला हवा, सगळे संपतात. पण त्याखाली, कागदाच्या अगदी कडेला, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. जो हा कागद उघडील त्याला तांबडा कॉन म्हणजे कोण ते ठाऊक आहे.

ठाऊक होतंच. आमच्याकडे कॉर्नेलिअसला घरी कॉनच म्हणतात. किलफेरिनमध्ये लिडींची अकरा घरं, आणि प्रत्येक घरात आजोबाचं नाव नातवाला, म्हणून गल्लीत हाक मारली की चार दारांतून चौघं बाहेर येतात. नुसत्या नावानं तिथं माणूस सापडत नाही. कोण तांबडा, कोण भट्टीवाला, कोण म्हातारीचा, कोण पाणवठ्याचा, असं म्हटलं की पोरगंसुद्धा बोट दाखवतं. मी हे कुणाकडून ऐकलेलं नाही. किलफेरिनपासून पाच मैलांवर माझं गाव, आणि मी कॉन्सिडाइन कुंपणवाला, माझा बाप कुंपणवाला, कुंपण मात्र आमच्या घराला कधीच नव्हतं. मी उठून फेब्रुवारीची नोंदवही काढली. पान काढायला वेळ लागला नाही. माझ्याच हातची नोंद: लिडी, कॉर्नेलिअस. मेंढीचोरी. आई दयेची याचना करते. शेजारी माझ्याच हातची नक्कल, मोठ्या साहेबांच्या सहीसाठी केलेली: कॉर्नेलिअस लिडी यास मुक्त करावे. मग मी मूळ अर्ज फितीतून सोडवला. तो दुसऱ्याच कुणा अर्जलेखकानं लिहिला होता, वाकडातिकडा, शाई सांडलेला, पण नावापुढं त्या माणसानं आयरिशमधला तो एक शब्द घातला होता. तांबडा. मी तो वाचला होता, मला समजला होता, आणि मी तो गाळला होता. नोंदवहीत नावापुढं जिल्ह्याचा रकाना आहे, तांबड्याचा नाही. नेहमीच गाळतो मी. या नोकरीला लागलो त्याच आठवड्यात फर्लाँगनं विचारलं होतं, "तिकडं चिखलात तुम्ही ती गुरगुर बोलता ना रे? एक शिवी शिकव की." सगळे हसले. मी म्हटलं, छे, आमच्या घरात कधीच नाही. काय गरज होती खोटं बोलायची? कुणी पिस्तूल रोखलं नव्हतं. पण एकदा बोललो आणि मग ते राखत बसलो. आयरिश शब्द आला की मी त्यावरून डोळे पुढं नेतो, न कळल्यासारखे. अकरा वर्षांत ही सवय इतकी मुरली की आपण काही गाळतोय हेही ध्यानात यायचं बंद झालं.

आणि ते अक्षर? ते हॅलोरन मास्तरांचं होतं. तसं बघितलं तर माझंच त्यांचं आहे. धान्याच्या कोठारात शाळा भरायची, गुडघ्यावर पाटी, आणि मास्तर मागून माझ्या हातावर हात ठेवून अक्षर ओढायचे. त्यांच्या हाताचं वजन मला अजून आठवतं, गरम आणि तंबाखूच्या वासाचं. "शेपटी मागं वळव रे, पळून जाऊ देऊ नकोस," म्हणायचे. मला ही नोकरी मिळाली ती त्या अक्षरावर, दुसरं माझ्याजवळ होतं काय? पण मास्तर सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांच्यासाठी इथल्या चर्चमध्ये मी प्रार्थना लावली होती, आणि एकटाच हजर होतो. मी स्वतःला समजावलं, की मास्तरांनी शंभर पोरं शिकवली, त्यातल्याच एखाद्यानं लिहिलं असेल, मलाकी डब्लिनला कचेरीत आहे हे गावाला माहीत आहे, त्यात भुताटकी कसली? समजावलं, पण पटलं नाही. मी एका रद्दी कागदावर 'तांबडा कॉन' लिहिलं, वर वाळू टाकली, झटकली आणि अर्जाशेजारी ठेवलं. तसूभर फरक नाही. कोणतं आत्ताचं आणि कोणतं टपालातून आलेलं हे सांगायला मला बोट लावून बघावं लागलं, आणि ओली शाई बोटाला लागली ती अर्जाची. मी बोट पुन्हा पुन्हा पुसलं. मी चुकीच्या कागदाला हात लावला असेन, घाईत होतो, असं मी ठरवून टाकलं.

दुपारी अर्ज आणि नोंदवही घेऊन मी टिसडलसाहेबांकडे गेलो. टिसडल आमचे मुख्य कारकून, पिकलेले, सभ्य, कधी आवाज चढवत नाहीत आणि म्हणूनच सगळे त्यांना टरकतात. त्यांनी अर्ज वाचला. "कॉन्सिडाइन, नोंदवही काय म्हणते?" मी म्हटलं, कॉर्नेलिअस लिडी, माफी. "आणि सुटलं कोण?" "कॉर्नेलिअस लिडी. पण साहेब—" "मग आपलं चुकलं कुठं?" मी म्हटलं, साहेब, त्या गावात एका नावाचे दोघं आहेत, हा त्यातला नाही सुटला. "हे तुम्हाला कसं कळलं?" "अर्जात लिहिलंय, साहेब." त्यांनी चष्मा चढवला. अर्ज नोंदवहीच्या पानाशेजारी ठेवला आणि दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला दातांत ऐकू येत होती. आत्ता बोलायला हवं होतं. फेब्रुवारीतला जुना अर्ज पुढं करून सांगायचं होतं, की साहेब, हा शब्द बघा, याचा अर्थ तांबडा, मला तो कळतो, मी तो गाळला, गुन्हा माझा. चार वाक्यं. एक माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाला जायचा वाचत होता, आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती, ती कशासाठी, तर फर्लाँग हसेल म्हणून! खरं सांगतो, नोकरीची भीती त्यानंतर आली. आधी लाज वाटली. टिसडलनी चष्मा उतरवला. "अक्षर सुरेख आहे," ते म्हणाले. "तुम्ही अकरा वर्षं नाकासमोर चालणारे गृहस्थ आहात. मी काही पाहिलं नाही असं समजतो. यात कचेरीची चूक नाही. दप्तरी दाखल करा." मी हो साहेब म्हटलं. बाहेर येऊन अर्जाला घड्या घातल्या, वर 'दप्तरी दाखल' लिहिलं, जुन्या कागदांना बांधला आणि फळीवर ठेवून दिला. संध्याकाळी लिफी नदीच्या काठानं घरी गेलो. घरमालकिणीनं उकडलेली कोबी आणि डुकराचं मांस वाढलं. "खात का नाही? आवडलं नाही तर सांगा, मनात ठेवू नका," ती म्हणाली. मी म्हटलं, दात दुखतोय.

बुधवारी सकाळी नोंदवही उघडली आणि धाबं दणाणलं. मंगळवारी दुपारनंतर मी नऊ नोंदी केल्या होत्या, टायरोनचा एक पोलीस, कॉर्कचा एक गाढवांचा दलाल, कुणी बाई, कुणी पाद्री. नऊच्या नऊ नावांपुढं, जिल्ह्याच्या आधी, एक एक आयरिश शब्द लिहिलेला होता. तांबडा, असं नऊ वेळा नव्हतं, तसं असतं तर मला वेड लागलंय म्हणून मी सुटलो असतो. प्रत्येकापुढं वेगळा शब्द होता. लंगडा. विहिरीवरचा. सुताराच्या मुलीचा. दोन भावांतला धाकटा. यातलं काही त्या कागदांत नव्हतं, मी एकूण एक सोडवून बघितले. टायरोनच्या पोलिसाच्या आईचा बाप सुतार आहे की कोण, मला कुठून कळणार? मी लिहिल्याचं मला आठवत नव्हतं. मास्तरांच्या हाताचं वजन मात्र मनगटावर होतं, शर्टाची बाही मागं सारून मी तिथं बघितलंसुद्धा. काही नव्हतं, लव तेवढी उभी राहिली होती. नोंदवहीच्या पानांना नंबर असतात, पान फाडता येत नाही, आणि दर शनिवारी टिसडल ती तपासतात. फर्लाँग म्हणाला, "आज काय वहीशी लग्न लावतोयस काय?" मी वही मिटली. गंमत म्हणजे त्यानंतर मला एकदम हलकं वाटलं. शनिवारी मी जाणार हे आता नक्की होतं. टिसडल चष्मा लावतील, पान वाचतील, आणि आवाज न चढवता मला दार दाखवतील. मग तोवर मी कुणाला भिऊन बसणार होतो?

आमच्याकडे सहीची एक रीत आहे. मोठे साहेब जेवून आले की तीस-चाळीस पत्रांची चळत घेऊन कारकून त्यांच्या शेजारी उभा राहतो. पत्रं अशी लावायची की प्रत्येकाची तळाची दोन बोटं जागा तेवढी दिसावी. साहेब सही करतात, कारकून कागद ओढून घेतो, साहेब सही करतात. वाचत कुणी बसत नाही, वाचलं तर सरकार दोन दिवसांत बंद पडेल. त्या बुधवारी चळतीत एक पत्र जास्त होतं. कैद्यांचा ताबा ज्याच्याकडे असतो त्या जहाजावरच्या डॉक्टरास हुकूम: कॉर्नेलिअस लिडी, किलफेरिन गावचा, तांबडा म्हणून ओळखला जाणारा, सात वर्षांच्या शिक्षेचा, ज्यास माफी मिळालेली आहे, त्यास पत्र आणणाऱ्याच्या हवाली करावे. साहेबांची लेखणी त्या कागदावर आली तेव्हा ते म्हणाले, "आजचं मटण जरा कच्चंच होतं, नाही का?" मी म्हटलं, होय साहेब. त्यांनी सही केली. मी वाळू टाकली, मोहोर लावली, पत्र शिपायाकडे न देता कोटाच्या आत ठेवलं आणि टोपी घेऊन जिना उतरलो. वरून फर्लाँग ओरडला, "अरे, कुठं निघालास भर दुपारी?" मी वळून बघितलं नाही.

किंग्जटाउनला आगगाडी जायला लागून दीड वर्ष झालं होतं, मी पहिल्यांदाच बसत होतो. डाव्या हाताला समुद्र आला तसा मी खिसा चाचपत राहिलो. होडीवाल्यानं मला जहाजाकडे नेलं. डॉक्टर तरणाबांड स्कॉट होता. हुकूम वाचून तो वैतागला. "माझ्या यादीत लिडी एकच, आणि तो जन्मठेपेचा. हा तो नव्हे." मी म्हटलं, तोच आहे, शिक्षा चुकीची लागलीय. "बरं, मग तांबडा दाखवा. सगळ्यांची डोकी मीच भादरून घेतलीत, उवांपायी. आणि नावानं हाक मारायचं म्हणाल तर ऐका." त्यानं खलाशाला खूण केली. खलाशानं जहाजाच्या पोटावरची जाळी अर्धी उघडली आणि खाली तोंड करून ओरडला, "लिडी! कॉर्नेलिअस लिडी! सुटका!" खाली साखळ्यांचा एकच खळखळाट झाला. "बघितलंत? सुटका म्हटलं की एका लिडीचे पाच होतात. त्यांनी चुकीचा माणूस सोडला म्हणता, मग मी दुसरा चुकीचा सोडू?" त्याचं काही चुकत नव्हतं. जाळीतून घामाचा, ओकारीचा, ओल्या लाकडाचा वास वर आला. मी गुडघ्यांवर बसलो. खाली काहीच दिसत नव्हतं, कुठंकुठं डोळे चमकल्यासारखे वाटत होते. अकरा वर्षांत ज्या भाषेत मी स्वप्नातसुद्धा बोललो नव्हतो त्या भाषेत मी हाक मारली. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, तो माझ्या बापासारखा जाड होता. "किलफेरिनचा तांबडा कॉन आहे का रे कुणी?"

खालचा आवाज कापल्यासारखा बंद झाला. साखळीची एक कडी हलेना. मग उजव्या कोपऱ्यातून कुणी म्हणालं, "आहे." मी विचारलं, "तुला तांबडा का म्हणतात?" "माझ्यामुळं नाही. माझ्या पणज्याची दाढी तांबडी होती. माझे केस काळेच." मी डॉक्टरला म्हटलं, हाच. तो म्हणाला, "तुम्ही काय विचारलंत त्याला?" मी सांगितलं. त्यानं खलाशाला साखळी तोडायला पाठवलं. छिन्नीचे घाव ऐकू यायला लागले, आणि त्या घावांच्या मधूनमधून खालून कुणीतरी हळू आवाजात बोललं, "मायकल शीडी, लंगडा, बालिनाक्रॉनचा. लिहा साहेब." दुसरा म्हणाला, "मी विहिरीवरचा पॅट." मग तिसरा, मग अंधारातल्या सगळ्या बाजूंनी, आरडाओरडा नाही, घाई नाही, चर्चमध्ये पापाच्या कबुलीला रांगेत उभं राहावं तसे एकेक जण आपलं पुरं नाव सांगत होते. सुताराच्या मुलीचा. दोन भावांतला धाकटा. हे शब्द मी सकाळीच वाचले होते, टायरोन आणि कॉर्कच्या भलत्याच नावांपुढं, माझ्या हातचे. लिहा साहेब, लिहा साहेब. माझ्याजवळ कागद नव्हता, लेखणी नव्हती, आणि हुकूम एकाचाच होता. मी फक्त ऐकत होतो आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेत ऐकलं, ऐकलं म्हणत होतो. डॉक्टर म्हणाला, "काय बोलतायत ते?" मी म्हटलं, नावं.

तांबडा कॉन शिडीवरून वर आला. वय असेल बावीस-तेवीस, डोकं भादरलेलं, एका घोट्याला रक्त. उजेडानं त्याचे डोळे मिटत होते. खलाशानं जाळी लावली तरी लाकडातून आवाज येतच होते. मी त्याला सांगितलं, की तुझ्या आईचा अर्ज आला होता, तू सुटलास, माफी फेब्रुवारीतच मिळाली होती, मी कचेरीतला कारकून आहे. मला वाटलं होतं तो रडेल, माझे हात धरील. खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. त्यानं माझा कोट बघितला, टोपी बघितली, बोटांवरची शाई बघितली. मग पुन्हा माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे," तो म्हणाला, "तिथं कुणाला तरी कळत होतं?"

मी हो म्हटलं.